सदाशिव पेठेतलं माशांचं दुकान, जिथे माशाला हात लावू देत नाहीत (रिव्ह्यू, जरा मोठा झालाय)

दुकानाचं नाव लिहीत नाहीये कारण खुद्द काकांनीच सांगितलं की नाव टाकू नका, एकटा माणूस आहे मी, गर्दी झाली की माशांकडे बघणं होत नाही. पण पेठेत कुणालाही मगवाले काका कुठे बसतात विचारलं तर सांगतील. छोटंसं दुकान आहे, जेमतेम दहा बाय बाराचं, तीन भिंतींना लोखंडी अँगलचे रॅक, त्यावर खालून वर टँक, आणि दारातच तारेला अडकवलेले पारदर्शक प्लास्टिकचे मग, एक लिटरचे, दोन लिटरचे, पाच-सहा तरी असतील. बाकी दुकानांत जिथे हिरव्या जाळ्या लटकत असतात ना, तिथे इथे मग. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं विकायला ठेवलेत.

आता हे सगळं एवढं सविस्तर का लिहितेय ते सांगते. आमच्याकडे दोन गोल्डफिश होते, ओरांडा, ते डोक्यावर फुगीर टोपी असलेले असतात ना ते. लाडू आणि चिंगी. लेकीच्या पाचव्या वाढदिवसाला आणलेले, म्हणजे अडीच वर्षं झाली होती. टँक मीच साफ करायचे दर रविवारी, पाव भाग पाणी काढायचं, तेवढंच घालायचं, बस. पण मी बँकेत आहे आणि मार्च म्हणजे आमच्याकडे काय असतं ते बँकेतल्या लोकांना सांगायला नको, रात्री नऊ-साडेनऊला घरी यायचे, टँकच्या काचेवर हिरवा थर चढला होता, म्हणून घरी येऊन टँक साफ करून देणाऱ्या एका सर्व्हिसला बोलावलं. सहाशे रुपये व्हिजिट. कुठली ते लिहीत नाही, तो विषयच नाहीये.

जो पोरगा आला तो वाईट नव्हता हो, नम्र होता, चपला बाहेर काढून आला, पण त्याला कुणी काही शिकवलेलंच नव्हतं. त्याने आधी सगळं पाणी पाइपने काढलं, तळाशी चार बोटं ठेवलं, मग नॅपकीनला हात पुसले, स्वच्छ कोरडे केले, म्हणजे त्याच्या मते काळजीच घेतली त्याने, आणि त्या कोरड्या हाताने लाडूला पकडला. लाडू सटकला आणि फरशीवर पडला. मी स्वयंपाकघरात होते, आवाज ऐकून धावले, तो दोनदा उडाला आणि सोफ्याखाली गेला. मग त्याने फडक्यात धरून बाहेर काढला आणि बादलीत टाकला, आणि बादलीत नळाचं ताजं पाणी, क्लोरीन घालवायचं औषध टाकलेलं नाही, काही नाही. फिल्टरचा स्पंजही नळाखाली पांढरा होईपर्यंत धुतला. मी बघत उभी होते आणि मला त्यातलं काय चुकतंय ते तेव्हा कळलंही नाही, टँक काय चकचकीत दिसतोय एवढंच वाटलं.

चिंगी चौथ्या दिवशी गेली. लाडूच्या डाव्या कुशीवर, शेपटीकडच्या बाजूला, सात-आठ खवले गेले होते आणि तिसऱ्या दिवशी त्या जागेवर कापसासारखं पांढरं दिसायला लागलं. सर्व्हिसवाल्यांना फोन केला तर तिकडून उत्तर आलं, मॅडम मासे आहेत, मरतात कधीकधी. लेक दोन दिवस नीट जेवली नाही. मग माझे सासरे म्हणाले (आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, मुलं लहान असताना संभाजी बागेतलं मत्स्यालय दाखवायला न्यायचे ते, माशांचा नाद घरात त्यांच्यापासूनच) की चल, पेठेत एक जण आहे, त्याला दाखवू.

मासा नेला नाही, आप्पा नको म्हणाले, मोबाइलवर व्हिडिओ काढून नेला. काकांनी चष्मा वर करून तीनदा बघितला आणि तीनच प्रश्न विचारले. पकडणाऱ्याचा हात कोरडा होता का ओला? पाण्याबाहेर किती वेळ होता? बादलीतलं पाणी कुठलं होतं? मी सांगितलं तसं म्हणाले, वहिनी, तुमच्या माशाला आजार झालेला नाही, त्याची कातडी गेलीये.

मला कळेना. खवले गेलेत हे दिसत होतं, कातडी कुठे? तर त्यांनी जे समजावलं ते मी नंतर घरी येऊन भरपूर वाचलं आणि ते अगदी बरोबर निघालं. आपल्याला वाटतं खवले म्हणजे माशाचं चिलखत, सगळ्यात बाहेरचं. तसं नाहीये. खवले आतल्या थरात रुजलेले असतात आणि त्यांच्यावरून जिवंत कातडीचा एक पातळ पदर गेलेला असतो, सगळ्या अंगावरून. आपल्या कातडीचा वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, घासला, खरवडला तरी फार बिघडत नाही. माशाचा वरचा थर जिवंत असतो आणि त्यातल्याच पेशी तो बुळबुळीत द्रव सोडत असतात जो आपल्या हाताला लागतो. त्या बुळबुळीत जंतू मारणारे पदार्थ असतात, लायसोझाइम वगैरे, आपल्या अश्रूंमध्ये असतं तेच, शिवाय प्रतिपिंडं. म्हणजे ती बुळबुळ हीच त्याची पहिली भिंत. काकांचं वाक्य मला फार आवडलं, म्हणाले, घरी वाम साफ करताना हाताला राख का लावायचे सांगा, बुळबुळ काढायला, नाहीतर धरताच येत नाही, तर कोरडा हात म्हणजे राखच समजा.

आणि गोड्या पाण्यातल्या माशाचं अजून एक आहे. त्याच्या अंगात मीठ जास्त, बाहेरच्या पाण्यात कमी, त्यामुळे बाहेरचं पाणी सतत त्याच्या आत शिरायला बघतं, आणि तो दिवसभर पातळ लघवी करून ते बाहेर काढत असतो. कातडी शाबूत असेल तर हे चालून जातं. कुठे उघडी पडली की तिथून पाणी जास्त आत येणार आणि मीठ बाहेर जाणार, म्हणजे जखम आठाण्याएवढी असली तरी मासा आतून थकतो. म्हणून काकांनी औषधाच्या आधी मीठ सांगितलं. वीस लिटरचा टब, त्यात साठ ग्रॅम खडे मीठ, पण एकदम नाही, तीन भाग करून बारा-बारा तासांनी, प्रत्येक वेळी वाटीत विरघळवून. मीठ टाकलं की आतलं आणि बाहेरचं अंतर कमी होतं, माशाला तेवढी ओढाताण कमी. (हे गोल्डफिशचं सांगतेय, सगळ्या माशांना एवढं मीठ चालत नाही, कोरीसारख्या कॅटफिशला तर जपूनच.) सोबत मिथिलीन ब्लू नावाचं औषध, पण तेही टबमध्येच, मोठ्या टँकमध्ये नाही, कारण ते फिल्टरमधले चांगले जंतू पण मारू शकतं. ते कापसासारखं पांढरं म्हणजे बुरशी, तिच्याबद्दल म्हणाले, धडधाकट माशाला ती सहसा धरत नाही, तिला उघडी जागा लागते.

आणि चिंगीचं? तिला तर कुणी फारसा हात पण लावला नव्हता. तेव्हा काकांनी विचारलं की स्पंज धुतला होता का. माशाच्या घाणीतून अमोनिया तयार होतो आणि तो खाऊन टाकणारे जंतू त्या स्पंजमध्येच राहतात, नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात तो पांढराशुभ्र धुतला म्हणजे ते सगळे गेले, वर क्लोरीनने कल्ले भाजतात. स्पंज नेहमी टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा. हे मला अडीच वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, मी नशिबाने तसंच करत होते कारण नळाखाली धुवायचा कंटाळा यायचा.

त्या दिवसाचं बिल किती झालं माहितीये? मिथिलीन ब्लूची छोटी बाटली, चाळीस रुपये. दुसरा कुणी असता तर पाचशेची औषधं आणि एक नवीन मासा गळ्यात मारला असता. मी म्हटलं चिंगीच्या जागी एक द्या, लेक रडतेय, तर म्हणाले, आत्ता नाही, लाडू बरा होऊ दे, मग या.

आता मगाबद्दल. हे बघण्यासाठी तरी एकदा जा. एका गिऱ्हाइकाला काळा मूर हवा होता, तो फुगलेल्या डोळ्यांचा असतो तो. काकांनी आधी रॅकचा दिवा बंद केला. मनगटातलं घड्याळ काढून खिशात टाकलं, दाराशी ठेवलेल्या बादलीत कोपरापर्यंत हात बुडवले, साधं पाणी, साबण नाही. नंतर तो प्लास्टिकचा मग त्याच टँकमध्ये बुडवून आडवा धरून ठेवला आणि अर्धा-एक मिनिट काहीच केलं नाही. मासे आधी कोपऱ्यात गेले आणि नंतर हा मग म्हणजे काही विशेष नाही असं समजून परत फिरायला लागले. मग दुसऱ्या हाताचा तळवा सपाट करून माशाच्या मागून हळूहळू पुढे, पकडायला नाही, नुसता आडोसा, दार लोटल्यासारखा. मासा त्या तळव्यापासून लांब जायला म्हणून पुढे सरकला आणि मगात गेला. मग सरळ केला, पाण्यासकट वर. एकदाही पाठलाग नाही, पाणी ढवळलं नाही, बाकीच्या माशांनी पर पण आवळले नाहीत. मूरच्या डोळ्याला जाळीचा दोरा लागला तर डोळा जातो, त्याला पापणी नसते, मिटून घेता येत नाही, हे सगळं काका त्या गिऱ्हाइकाला मासा पिशवीत घालता घालता सांगत होते.

जाळी वाईट का, हा प्रश्न मी विचारला, कारण मला वाटायचं हात नाही तर जाळी, जाळीच बरी. तर तसं नाही. जाळी पण घासते, खरखरीत असेल तर बुळबुळ काढते, परांच्या टोकांना चिरा जातात. सकर असतो ना, काच चाटणारा, त्याच्या परांना पुढे काटे असतात आणि घाबरला की तो ते ताणून उभे करतो, जाळीत अडकले की ओढून काढायचे नाहीत, जाळीच कापावी लागते. कोरी, बाकीचे कॅटफिश, तेच. क्लाउन लोचला तर डोळ्याखाली काटा असतो. पफर फिशला पाण्याबाहेर काढलाच नाही पाहिजे, तो फुगताना हवा गिळतो आणि मग ती बाहेर काढणं त्याला अवघड जातं. टेट्रा, मोली, गप्पी असल्या छोट्या माशांना मऊ, बारीक जाळी चालते, ते काकांकडे पण आहे, एकच, मखमलीसारख्या कापडाची.

मग हाताने धरलेलं चालतच नाही का? इथे मला काकांची भूमिका नीट समजायला दोन-तीन खेपा लागल्या. त्यांच्या पाटीवर सरळ लिहिलंय, माशांना हात लावू नये, आणि लेकीने पहिल्याच दिवशी टँकमध्ये बोट घातलं तेव्हा तिला असे ओरडले की ती माझ्यामागे लपली. पण स्वतः ते हात वापरतात, ओला, पाण्याखाली, आधार द्यायला. मोठ्या कोईला, म्हणजे त्या रंगीत कार्प माशाला, तर हातच बरा. जपानमध्ये कोई पाळणारे तेच करतात, माशाला पाण्यातच अलगद मोठ्या टोपलीसारख्या भांड्यात वळवतात, बघायचंय ते तिथेच बघतात, उचलायची वेळ आली तर ओल्या हातांनी, खालून, दोन्ही हातांच्या आधाराने. म्हणजे नुसत्या हाताने मासा मरत नाही. कोरडा हात, घट्ट मूठ, पाण्याबाहेरचा वेळ आणि पाठलाग, या चारांनी त्याचं वाटोळं होतं. पाण्याबाहेर कल्ल्यांच्या बारीक पाकळ्या एकमेकींना चिकटतात, भिजलेल्या केसांसारख्या, मग आजूबाजूला हवा कितीही असली तरी त्याला ती घेता येत नाही. तळव्यात आडवा धरून फोटो काढतात ना लोक, त्या अर्ध्या मिनिटात तो श्वासच घेत नसतो.

आणि हाताला काय लागलंय हे सगळ्यात महत्त्वाचं. आपण विचारच करत नाही. थंडीत पुण्यात हात फुटतात म्हणून व्हॅसलीन, पावसाळ्यात डासांचं क्रीम, ऑफिसमधून येताना सॅनिटायझर, भांडी घासून साबणाचा हात तसाच. यातलं काहीही टँकमध्ये गेलं की तिथल्या पाण्याला पळून जायला जागा नाही, मासा तेच पाणी कल्ल्यांतून घेत राहणार. दारातली ती बादली त्यासाठीच आहे. आता मी घरी टँकचं काम सकाळी उठल्या उठल्या करते, क्रीम वगैरे लावायच्या आधी, आणि अंगठी काढून ठेवते.

उलट बाजूने पण एक गोष्ट. काका स्वतः बोटाला कापलेलं असेल तर कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घालतात. टँकच्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जंतू असू शकतो, टीबीच्या जंतूच्याच कुळातला, तो चिरेतून आत गेला तर बोटावर, हातावर गाठी येतात, हळूहळू वाढतात, आणि लवकर ओळखला नाही तर कित्येक महिने औषध घ्यावं लागतं. घाबरवायला नाही सांगत, क्वचित होतं, पण हाताला जखम असताना टँकमध्ये हात घालू नका आणि काम झालं की साबणाने स्वच्छ धुवा. आधी साबण नाही, नंतर साबण. आणि अशी गाठ कधी आलीच तर डॉक्टरांना आवर्जून सांगा की घरी मासे आहेत, त्यांना ते आपोआप कसं कळणार.

एक प्रसंग सांगते. एप्रिलमध्ये मी लाडूचा नवीन व्हिडिओ दाखवायला गेले होते, तिथे एक गृहस्थ आले, फ्लॉवरहॉर्न पाळणारे. फ्लॉवरहॉर्न म्हणजे तो कपाळावर मोठं टेंगूळ असलेला, वास्तूसाठी म्हणून बरेच जण ठेवतात, मुळात निसर्गातला नाहीच, मलेशियात १९९० च्या दशकात संकर करून काढलेला. ते म्हणाले, काय काका, तुम्ही म्हणता हात लावू नका, माझा तर रोज लाड करून घेतो, डोकं घासतो हाताला, कुत्र्यासारखा. मला वाटलं आता काका तोडून बोलतात. पण त्यांनी एकच विचारलं, तो येतो का तुम्ही जाता?

गृहस्थ म्हणाले, तोच येतो, मी हात नुसता ठेवतो.

मग ठेवा, काका म्हणाले, ओला ठेवा, हलवू नका, डोळ्याला कल्ल्याला लागू देऊ नका, आणि ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी हात काढून घ्या.

हे ऐकून मला फार बरं वाटलं, कारण मला खरंच हा प्रश्न होता की स्पर्श माशाला नेहमी त्रासाचाच असतो का. घरी येऊन शोधलं तर २०११ साली नेचर कम्युनिकेशन्समध्ये आलेलं संशोधन सापडलं, मार्टा सोअरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. समुद्रात काही छोटे मासे मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खातात, साफसफाई करणारे, आणि ते आपल्या परांनी गिऱ्हाइकाच्या अंगाला हलकेच चोळतात सुद्धा. तर संशोधकांनी त्या छोट्या माशाची हलणारी प्रतिकृती टाकीत ठेवली, आणि सर्जनफिश आपणहून तिला अंग घासायला जायला लागले, आणि त्यांच्या रक्तातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी झालं. नुसत्या स्पर्शाने, कारण प्रतिकृती काही परजीवी खात नव्हती. ते समुद्रातले मासे, त्यावरून गोल्डफिशला माझं बोट आवडतं असं मी म्हणणार नाही. पण आपणहून जाऊन घासणं आणि कुणी धरणं यात माशाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे एवढं मला त्यातून कळलं. आणि माशांना दुखत नाही हे जे आपण लहानपणापासून ऐकतो ते तर लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्येच रेनबो ट्राउटवर तपासलं होतं, त्यांना माशाच्या डोक्यावर, तोंडाजवळ इजा ओळखणाऱ्या नसा सापडल्या, आणि ओठाला आम्ल टोचलं तर ते मासे खाणं सोडून ओठ तळाच्या खड्यांवर घासत बसले. त्या रात्री मला परत परत सोफ्याखालचा लाडूच दिसत होता.

आता दुकानाच्या बाकीच्या गोष्टी पटापट. नवीन आलेला माल, चेन्नईच्या कोळत्तूरहून किंवा मुंबईत कुर्ल्याहून, लगेच विकत नाहीत, दहा-बारा दिवस वेगळ्या टँकमध्ये ठेवतात, टँकवर लाल टेप आणि तारीख. तुम्ही कितीही म्हणा हाच हवा, लाल टेपमधला मिळणार नाही. भाव इतर ठिकाणांपेक्षा जास्त आहेत, छोटा ओरांडा मला अडीचशेला पडला, रोडवरच्या दुकानात दीडशेला मिळतो. पण हा जगलाय. झाडं घ्यायला जाऊ नका, पाणवनस्पती त्यांच्याकडे अगदीच मरगळलेल्या असतात आणि सोबत गोगलगायी येतात, मी दोनदा फसले. वरच्या रॅकमधले मासे उंची कमी असेल तर दिसत नाहीत, स्टूल मागावं लागतं. पार्किंग शून्य. फोन उचलत नाहीत कारण हात कायम ओले.

आणि एक तक्रार, मनापासून. हात लावू नका हे इतकं कडक सांगतात की लोक भलतंच समजतात. आमच्या शेजारच्या काकू त्यांच्याकडूनच मासे नेतात, त्यांचा एक मोठा मॉली उडी मारून बाहेर पडला आणि काकू हात लावायचा नाही म्हणून जाळी शोधत माळ्यावर चढल्या. खाली येईपर्यंत खेळ संपला होता. अशा वेळी हातच लावायचा हो! टँकमध्येच हात भिजवायचा, दोन्ही तळवे खाली सारून उचलायचा, फरशीवरून फरफटवायचा नाही, आणि सरळ पाण्यात. धूळ लागली असेल तर पाण्यात सोडल्यावर आपोआप सुटते, चोळायची नाही. मी हे काकांना जाऊन सांगितलं, जरा भीतभीतच, त्यांचा स्वभाव बघता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, कुठल्या त्या, पांढऱ्या स्कूटरवाल्या? आणि पुढच्या खेपेला पाटीवर खाली खडूने एक ओळ वाढलेली होती: मासा बाहेर पडल्यास ओल्या हाताने ताबडतोब उचलावा.

लाडू मे महिन्याच्या शेवटी बरा झाला. खवले परत आले, येतात ते, पण रंग तसा नाही आला, केशरी अंगावर तेवढाच एक रुपेरी ठिपका आहे कुशीवर, रुपयाच्या नाण्याएवढा, लेक त्याला बटण म्हणते. जूनमध्ये दुसरी ओरांडा आणली, काकांनी हो म्हटल्यावर. पिशवी टँकच्या पाण्यावर वीस मिनिटं तरंगवली, मग थोडं थोडं आमचं पाणी पिशवीत, आणि शेवटी मगाने मासा तेवढा टँकमध्ये, पिशवीतलं पाणी मोरीत. तसा एक मग घरी पण घेतलाय आता, दोन लिटरचा, त्याला दुसऱ्या कशाला वापरायचा नाही असा नियम आहे. लेकीला टँकमध्ये हात घालायची परवानगी फक्त खाणं देताना, हात भिजवून, बोट काचेपाशी स्थिर ठेवून. लाडू येतो, बोट चोखल्यासारखं करतो, गोल्डफिशचे दात घशात असतात म्हणून लागत नाही काही. नवीन आहे ती अजून येत नाही, झाडामागे थांबते, आणि लेक पण तिच्या मागे जात नाही. गोल्डफिश नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो, इंग्लंडमध्ये टिश नावाचा एक ४३ वर्षं जगला, १९५६ साली जत्रेत जिंकलेला आणि १९९९ साली गेला. त्यामुळे आम्हाला घाई नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या झाडांचा कापला. सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ चालू असतं, मंगळवारी बंद. रविवारी टाळा. झाकणाची बादली घरून नेलीत तर काका पिशवीऐवजी त्यातच मासे देतात, त्यांना ते जास्त आवडतं, फक्त ती कधी साबणाने धुतलेली नको.